रहस्यकादंबरीचे बीज



कामगार संघटनेत उभे आयुष्य गेलेल्या माणसाने रहस्यकादंबरीवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी कंत्राटी पद्धती किंवा किमान वेतन असे काही सुचवीन, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतच असतो. कारखान्याच्या फाटकाशी, पावसात, कर्णा बंद पडला तर त्यावाचूनही. आज दुसरेच बोलावयाचे आहे. गेली चार वर्षे मी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे आणि तीत अडलो आहे. अडलेल्या माणसाला वाटेतले खाचखळगे पोचलेल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. एवढ्याच अधिकारावर, सुचलेल्या एका लहानशा कल्पनेची कादंबरी कशी होते, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई खानावळीला पोळ्या लाटून देऊ लागली, आणि वडील घरी बसले. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. दिवसाला चार आणे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मला तेथे भेटले, पुढे गुरुनाथ नाईक भेटले, सुहास शिरवळकर भेटले. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांना नाके मुरडणारे विद्वान मी पुष्कळ पाहिले आहेत. पण गिरणगावातल्या किती माणसांना वाचनाची गोडी कोणी लावली याचा हिशेब कधी कोणी मांडला, तर त्या विद्वानांची पंचाईत होईल. माझ्या वडिलांनी आयुष्यातली पहिली पुस्तके वाचली ती त्या संपात, आणि ती हीच. मी आणलेले पुस्तक ते रात्री बाहेरच्या दिव्याखाली बसून संपवीत आणि सकाळी हमखास कुरकुरत. "अरे, ह्या माणसानं पहिल्याच पानावर खरं सांगून टाकलं असतं, तर पुस्तक तिथंच संपलं असतं. मग सांगितलं का नाही?" मी म्हणे, "दादा, मग मजा काय राहिली असती?" त्यावर ते नुसते हुंकार देत.

त्या कुरकुरीत किती अर्थ होता, हे मला कळावयास तीस वर्षे लागली.

मी पहिल्यांदा रहस्यकादंबरी लिहावयास बसलो तेव्हा मजजवळ एक युक्ती होती. बहुतेक सारे नवे लेखक येथूनच निघतात. बॉयलरची खोली आतून बंद, आत सुपरवायझर मेलेला, आणि मारणारा बाहेर पडला कसा हे कोणालाच कळत नाही. तो कसा पडला हे मला ठाऊक होते, आणि त्याच आनंदात मी चाळीस पाने लिहून काढली. पुढे सुचेना. पात्रे बॉयलरभोवती उभी राहून एकमेकांस तेच तेच प्रश्न विचारू लागली. दोष युक्तीचा नव्हता. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने १८४१ साली पॅरिसमधल्या एका बंद खोलीतल्या खुनांची गोष्ट लिहिली. आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ तेथून धरतात. तिच्यात अशीच युक्ती आहे, आणि ती शोभतेही. कारण ती लघुकथा आहे. युक्ती कुलपाच्या किल्लीसारखी असते. किल्ली फिरली की दार उघडले. तीनशे पाने वाचकाला दाराबाहेर उभे करावयाचे, तर नुसत्या किल्लीने भागत नाही. दार उघडू नये असे आतल्या माणसांनाच वाटत असले पाहिजे.

हे मला शिकविले एका जुन्या इंग्रजी कादंबरीने. इंग्रजी मी शिकलो ते कामगार न्यायालयाच्या निकालपत्रांवरून, मांडीवर शब्दकोश ठेवून. त्यामुळे माझे इंग्रजी अद्याप थोडेसे निकालपत्रासारखेच आहे. विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' मी लोकलमध्ये जाता-येता चार महिन्यांत वाचली. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात १८६८ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत ती क्रमशः आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. लिहीत असता कॉलिन्स संधिवाताने अंथरुणाला खिळला होता, आई मृत्युशय्येवर होती, आणि तरी दर आठवड्याला मजकूर द्यावा लागत होता; काही भाग त्याने पडल्या पडल्या सांगून लिहवून घेतला. आठवड्याच्या हप्त्याचा जाच काय असतो, ते रोजंदारीवर काम केलेल्याला सांगावयास नको.

या कादंबरीचे बीज काय होते, हे त्याने प्रस्तावनेत स्वतःच सांगून ठेवले आहे. युरोपातल्या राजघराण्यांकडच्या दोन हिऱ्यांच्या कथा त्याला ठाऊक होत्या. एक रशियाच्या राजदंडात बसविलेला, जो पूर्वी हिंदुस्थानातल्या एका मूर्तीचा डोळा होता असे म्हणत. आणि दुसरा आपला कोहिनूर, जो १८४९ साली पंजाब खालसा झाल्यावर इंग्रजांनी बालराजा दुलीपसिंगाकडून घेतला. बीज एवढेच: देवाचा हिरा कोणी पळवला, तर तो पळवणाऱ्याला सुख लागू देत नाही. आता या बिजाचे काय काय झाले असते पाहा. शापाची भुताटकी झाली असती, जंगलातल्या खजिन्याची साहसकथा झाली असती. कॉलिन्सने तो हिरा उचलून यॉर्कशरमधल्या एका शांत, सुखवस्तू घरात आणून ठेवला. घरात मालकीणबाई, त्यांची मुलगी रेचल, पाहुणे आणि पंचवीसएक वर्षांच्या सवयीने चालणारे नोकरचाकर. हिरा आणणारा, रेचलचा मावसभाऊ, फ्रँकलिन ब्लेक. २१ जून १८४८, रेचलचा वाढदिवस, रात्री मेजवानी, आणि सकाळी हिरा नाही. दूरदेशीची दंतकथा आणि घरातली चोरी, या दोन टोकांची गाठ मारली तेव्हा कुठे बीज रुजले.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. कॉलिन्सने हिंदुस्थान पाहिला नव्हता. सोमनाथाला त्याने चार हातांची चंद्रदेवाची मूर्ती बसवली आहे. आपल्याला ठाऊक आहे की सोमनाथ म्हणजे शंकर, चंद्राचा नाथ, आणि तेथे आहे ज्योतिर्लिंग. अशा चुका हसण्यावारी नेता येतात. पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. कादंबरीची सुरुवात १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या पाडावाने होते, आणि तेथे रक्षकांना मारून हिरा लुटणारा माणूस इंग्रज लष्करी अधिकारी आहे. म्हणजे पुढे सगळे घर ज्या चोराला शोधते, त्याच्याआधीचा चोर घरच्याच नात्यातला आहे, आणि त्याला चोर म्हणावयास तेथे फारसे कोणी राजी नाही. शेवटी हिरा परत काठेवाडात जातो. १८६८ साली इंग्लंडात बसून हे लिहिणे लहान गोष्ट नव्हे.

आता या कादंबरीचे पोट उघडून दाखवितो. शेवट सांगितल्याशिवाय ते जमणार नाही, तेव्हा जे वाचणार असतील त्यांनी क्षमा करावी.

हिरा उचलला तो ब्लेकने, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नाही. रेचलला आवडत नाही म्हणून त्याने चिरूट सोडले होते, त्यामुळे झोप लागत नव्हती. जेवताना त्याने डॉक्टर कँडींच्या वैद्यकीची थट्टा केली. डॉक्टरांनी त्याला न कळत त्याच्या पेयात अफूचा अर्क घालविला, की सकाळी म्हणता येईल, झोप लागली ना माझ्या औषधाने! डोक्यात हिऱ्याची काळजी आणि रक्तात अफू, अशा अवस्थेत ब्लेक उठला, रेचलच्या बैठकीत गेला आणि हिरा सुरक्षित ठेवावा म्हणून काढून घेतला. तो त्याने दुसऱ्या पाहुण्याच्या, गॉडफ्रे एबलव्हाइटच्या हाती बँकेत ठेवण्यासाठी दिला. धर्मकार्यात पुढे पुढे करणाऱ्या या सद्गृहस्थाने दुसऱ्याच्या विश्वासाचे पैसे खाल्ले होते. त्याने तो स्वतःजवळ ठेवला. चोरीचे कृत्य म्हणाल तर एवढेच. दोन पानांत मावते.

मग कादंबरी एवढी मोठी झाली कशी? रेचलने ब्लेकला हिरा घेताना डोळ्यांनी पाहिले. तिचे त्याच्यावर प्रेम आहे, म्हणून ती बोलत नाही; आणि इतके करून तो साळसूदपणे पोलीस बोलावतो, याचा तिला संताप येतो, म्हणून तर मुळीच बोलत नाही. रोझाना नावाची एक मोलकरीण आहे. पूर्वी चोरीसाठी तुरुंगात जाऊन आलेली, दिसावयास कुरूप, आणि तिचेही मन ब्लेकवर बसलेले. रेचलच्या बैठकीच्या दाराला त्या दिवशी ताजा रंग दिला होता. सकाळी ब्लेकची खोली आवरताना त्याच्या झोपण्याच्या झग्याला रंगाचा डाग तिला दिसला. तिने झगा लपवला, तसाच दुसरा शिवून त्याच्या जागी ठेवला आणि ती गप्प राहिली. डॉक्टर कँडी मेजवानीहून भर पावसात उघड्या गाडीतून घरी गेले, तापाने फणफणले आणि त्यांची स्मृतीच गेली. ते बोलू इच्छितात, पण काय बोलावयाचे ते आठवत नाही. ब्लेकला काही ठाऊकच नाही. चार माणसे, चार मौने, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे: अभिमान, माया, आजार, अज्ञान. यांतला एकही लबाड नाही. खरा लबाड गॉडफ्रे, तो तर कादंबरीत सर्वांत कमी मनोवेधक आहे.

"मग सांगितलं का नाही?" या माझ्या वडिलांच्या प्रश्नाला कॉलिन्सने चार वेळा, चार प्रकारांनी उत्तर देऊन ठेवले आहे. कल्पनेचा विस्तार म्हणतात तो हा, असे माझे मत झाले आहे. 'कोणी केले' या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे असते. 'ज्यांना ठाऊक आहे ते गप्प का' या प्रश्नाने पाने भरतात; आणि भरतीसाठी भरत नाहीत, माणसांनी भरतात.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. झग्याची कल्पना कॉलिन्सची स्वतःची नव्हे. १८६० च्या जूनमध्ये विल्टशरमध्ये रोड हिल हाऊस नावाच्या घरात एका लहान मुलाचा खून झाला. पहिला संशय अर्थातच मुलाला सांभाळणाऱ्या दाईवर. मग लंडनहून स्कॉटलंड यार्डचे व्हिचर नावाचे अधिकारी आले. घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीचा, कॉन्स्टन्स केंटचा, झोपण्याचा एक झगा धुण्याच्या यादीत होता आणि प्रत्यक्षात नव्हता, एवढ्यावरून त्यांनी तिला धरले. मोठ्या घरची मुलगी. लोकांना ते सहन झाले नाही. ती सुटली, व्हिचर यांचे नाव खराब झाले, आणि १८६५ साली त्या मुलीने आपण होऊन गुन्हा कबूल केला. कॉलिन्सने यातून हरवलेला झगा घेतला, धुण्याची यादी घेतली, घरच्या मुलीवर संशय घेणारा लंडनचा हुशार अधिकारी घेतला. त्याचा सार्जंट कफ गुलाबाची झाडे लावण्याच्या नादातला आहे. खून मात्र त्याने टाकून दिला.

का टाकला? माझे उत्तर असे आहे. मुलाच्या खुनाबद्दल रेचल गप्प राहिली असती तर आपण तिला क्षमा केली नसती. चोरीबद्दल गप्प राहते, तर आपण तिच्या बाजूला बसतो. मौनाचे कारण जेवढे मोठे, तेवढाच गुन्हा त्याला झेपतो. मला एका मित्राने सल्ला दिला होता, "नुसत्या चोरीनं काय होणार? एक खून घाला." मी घातला. घातल्याबरोबर माझी सगळी साधी, भित्री, पोटासाठी गप्प बसलेली माणसे राक्षस दिसू लागली. दोन महिन्यांनी मी तो खून काढून टाकला.

आता माझ्या कादंबरीच्या बिजाकडे येतो. ते सांगणे थोडे अवघड आहे.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईच्या आसपासचा एक कारखाना, नाव सांगत नाही. तिसऱ्या पाळीत स्टोअरमधून गनमेटलच्या बुशांची एक पेटी नाहीशी झाली. संशय रात्री स्टोअर झाडणाऱ्या सफाई कामगारावर. तो ठेकेदाराचा माणूस होता. अशांना चौकशी कसली? ठेकेदाराला फोन गेला की दुसऱ्या दिवशी माणूस बदलतो. पण त्या वेळी आमच्या संघटनेचा जोर होता, म्हणून नावापुरती चौकशी ठेवण्यात आली आणि बचावासाठी मी उभा राहिलो. दोन ते तीनच्या दरम्यान तू कोठे होतास, या प्रश्नाला तो उत्तर देईना. मान खाली. मी त्याला बाहेर नेऊन विचारले, रागावलो, समजावले. "साहेब, मी चोरी नाय केली," याखेरीज तो काही बोलला नाही. त्याला कामावरून कमी केले. आठ महिन्यांनी वार्षिक मोजणीच्या वेळी ती पेटी जॉबवर्क करणाऱ्या एका वर्कशॉपात सापडली. चुकून दुसऱ्या मालाबरोबर चलनावर गेली होती. चोरी झालीच नव्हती. रजिस्टरमध्ये एक ओळ लिहून हिशेब जुळवला गेला. तोवर तो माणूस खोली सोडून गेला होता. ऊसतोडीला गेला असे कोणी म्हणे. ठेकेदाराकडे त्याचा पत्ता नव्हता.

मूनस्टोन वाचून संपली त्या रात्री मला ही पेटी आठवली, आणि मी पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला. कोणाकोणाला ठाऊक होते? स्टोअरकीपरला ठाऊक असावयास हवे होते, कारण चलनावर सही त्याची. पण रात्री गाडी अडू नये म्हणून, वरून तोंडी सांगितल्याप्रमाणे, तो कोऱ्या चलनांवर सह्या करून ठेवी. निवृत्तीला चार महिने होते, ग्रॅच्युइटी अडकली असती. एक फिटर स्टोअरमागे गोणपाटावर झोपला होता. जाग येऊन त्याने टेंपोत पेटी चढताना पाहिली होती. पण ते सांगावयाचे तर पाळीवर झोपलो हे कबूल करावयाचे, आणि स्थायी आदेशांप्रमाणे तो गैरवर्तनाचा गुन्हा. फाटकावरच्या रखवालदाराला ठाऊक होते की तो सफाई कामगार त्या वेळी आवारातच नव्हता. त्याच्या मुलाला ताप होता, आणि रखवालदाराने माणुसकीने, नोंद न करता, त्याला लहान दरवाजातून तासाभरासाठी सोडले होते. तो बिचारा गप्प राहिला तो या रखवालदारासाठी.

या गोष्टी मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळल्या. एक मात्र मला चौकशीच्या वेळीच ठाऊक होती. तो फिटर आमचा सभासद होता. चौकशीच्या आदल्या रात्री त्याने घरी येऊन मला सगळे सांगितले, आणि मी त्याला म्हणालो, "बघू. तू काही बोलू नकोस." कायम कामगार आमचा होता; कंत्राटी त्या वेळी आमचा म्हणावा असा नव्हता. तेव्हा मौनांच्या यादीत पाचवे नाव माझे आहे.

हे बीज घेऊन मी कामाला लागलो. पहिल्या बिजाच्या वेळी केलेली चूक या खेपेला टाळली, ती विल्यम गॉडविनच्या अनुभवामुळे. त्याची 'केलेब विल्यम्स' १७९४ साली निघाली. तीत एका नोकराला मालकाने केलेल्या खुनाचा सुगावा लागतो, आणि मालक त्या नोकरावरच चोरीचा आळ घेऊन त्याला देशभर पळवितो. ती कादंबरी मला का भावली ते सांगावयास नको. गॉडविनने पुढे लिहून ठेवले आहे की त्याने आधी तिसऱ्या खंडाची जुळणी केली, मग त्याला कारण म्हणून दुसऱ्याची, आणि शेवटी पहिल्याची. रहस्यकथा मागून पुढे विणावयाची असते. म्हणून मी आधी एका वहीत त्या रात्रीची खरी हकीकत लिहिली, दहा वाजल्यापासून सकाळी सहापर्यंत, तासा-तासाने. कोण कोठे, टेंपो केव्हा आला, दिवे केव्हा गेले. ही वही वाचकाला कधीच दाखवावयाची नाही. मग प्रत्येक माणसाला दोन दोन पाने दिली: त्याने काय पाहिले, पाहिलेल्याचा अर्थ काय लावला, आणि तो का गप्प आहे. अर्थ चुकीचा लावला असेल तर उत्तमच. सार्जंट कफसारखा हुशार माणूससुद्धा रेचलचे मौन पाहून तीच चोर ठरवितो. वस्तुस्थिती बरोबर, अर्थ चूक. वाचक फसतो तो अशा ठिकाणी, आणि फसल्याबद्दल लेखकावर रागावत नाही.

खुणेची वस्तू कोणती घ्यावी, याने मला फार छळले. शेवटी पुन्हा त्या झग्याकडे गेलो. रोझानाला डाग दिसतो, कारण अंथरुणे-कपडे आवरणे हेच तिचे काम. दाराच्या रंगाकडे गावचा पोलीस अधिकारी दुर्लक्ष करतो. मोलकरणींच्या झग्यांनी पुसला असेल म्हणतो. कफ विचारतो, रंग वाळावयास किती वेळ लागतो? बारा तास. दुपारी तीनला काम संपले, म्हणजे पहाटे तीनपर्यंत ओला. आणि मध्यरात्री तो धड होता असे पाहणारी आहे. उरले तीन तास. खूण अशी हवी, की जी त्या घरात रोज हाताखालून जाते आणि जिचा स्वतःचा एक नियम असतो. माझ्याकडे होते चलनबुक, तीन प्रतींचे, मध्ये कार्बन. सही कोऱ्या पानांवर आधी झाली आणि मजकूर मागाहून लिहिला, तर खालच्या प्रतीवर सहीचा दाब आणि मजकुराचा दाब जुळत नाही. कार्बन मध्येच बदललेला असला तर शाईची गडदताही निराळी. पाच वर्षे स्टोअरला बसलेल्या माणसाला हे दिसते, पोलिसाला दिसत नाही. शिवाय ही वस्तू पहिल्याच प्रकरणात टेबलावर ठेवता येते. कॉलिन्सने चिरूट, निद्रानाश, डॉक्टरांशी वाद, सगळे त्या मेजवानीच्या आसपास उघड उघड मांडून ठेवले आहे. शेवटी अफू निघते तेव्हा वाचकाला पोटात गोळा येतो, पण 'हे आधी सांगितले नव्हते' अशी तक्रार करता येत नाही.

उरला क्रम. मौने कोणत्या क्रमाने फुटावीत? माझ्या पहिल्या खर्ड्यात सगळे शेवटच्या प्रकरणात एका खोलीत जमून बोलत. वाचून दाखविले तेव्हा घरच्यांनी सांगितले की द्वारसभा वाटते. मूनस्टोनमध्ये पहिले मौन फुटते ते रोझानाच्या पत्राने, आणि ते मिळते ती वाळूच्या दलदलीत जीव देऊन गेल्यानंतर वर्षभराने. पत्राच्या आधारे ब्लेक दलदलीतून झगा काढतो आणि त्यावर स्वतःचेच नाव वाचतो. म्हणजे मौन फुटले, आणि कोडे सुटण्याऐवजी दुप्पट घट्ट झाले. मग तो रेचलकडे जातो आणि ती म्हणते, मी तुला पाहिले. आणखी घट्ट. मग डॉक्टरांचा सहायक जेनिंग्ज तापातल्या बरळण्याचे तुकडे जोडतो, आणि शेवटी ब्लेकला पुन्हा अफू देऊन त्या रात्रीचा प्रयोग केला जातो, तेव्हा त्याचे स्वतःचे शरीर साक्ष देते. प्रत्येक उत्तराने आधीपेक्षा वाईट प्रश्न पुढे यावा, असा हा जिना आहे. तोच मी लावला: आधी स्टोअरकीपर, मग रखवालदार, मग फिटर. आणि फिटर जेव्हा बोलतो, तेव्हा तो म्हणतो, "हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, साहेब." चौकशी करणारा नायक त्या जागी येऊन थांबतो.

मीही तेथेच थांबलो आहे. कॉलिन्सने कथा अनेकांच्या तोंडून सांगवली आहे. घरचा वृद्ध कारभारी बेटरिज, पुस्तिका वाटत फिरणारी मिस क्लॅक, वकील, स्वतः ब्लेक. ज्याने जे पाहिले तेवढेच त्याने लिहावयाचे. तशी मीही माणसे बोलती केली आहेत. सफाई कामगाराचे प्रकरण तेवढे राहिले. तीन वेळा लिहिले, तिन्ही वेळा तो माझ्यासारखा, सभेत बोलल्यासारखा बोलू लागला. रोझानाला कॉलिन्सने लांबलचक पत्र दिले, आणि ते पत्र मला त्या पुस्तकातले सर्वांत खरे पान वाटते. पण ते वाचले जाते तेव्हा तिला कोणी काही विचारू शकत नाही. माझा माणूस मेलेला नाही. कोठेतरी कोपीवर किंवा दुसऱ्या एखाद्या शहरात, त्याचा तो तापातला मुलगा आता पंचवीसएक वर्षांचा असेल. मागच्या हंगामात दोन साखर कारखान्यांच्या तळांवर जाऊन मी विचारपूस केली. या हंगामात आणखी एके ठिकाणी जाणार आहे. तोवर त्या प्रकरणासाठी वहीत सोळा पाने कोरी सोडली आहेत, आणि पुढचे प्रकरण लिहावयास घेतले आहे.